सात देणं बंद केलंय

बारा वर्षं झाली, ऐकलेला प्रत्येक अल्बम मी एका शीटमध्ये टाकतोय. एक्स्ट्रीम मेटलचे सगळे प्रकार, डेथ, ब्लॅक, ग्राइंड, डूम, जे काय असेल ते. बँडचं नाव, वर्ष, रिव्ह्यूच्या दोन ओळी आणि दहापैकी मार्क. परवा सहज मार्कांवर फिल्टर लावून बघितलं तर दहा मिळालेले बोटांवर मोजण्याइतके, एक-दोन मिळालेले त्याहून कमी, आणि सातांची मात्र ही लांबच लांब रांग, स्क्रोल करतोय करतोय संपतच नाहीये. बरं, खरी गंमत पुढेच. नावं वाचून काही म्हणजे काही आठवेना. "टाइट बँड, छान प्रॉडक्शन, रिफ्स चांगल्या" हे माझंच वाक्य थोड्याफार फरकाने चौदा वेळा सापडलं, आणि त्या चौदातल्या एकाही अल्बममधली एक रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी छोटी ओळ, मला गुणगुणून दाखवता आली नसती. याउलट ज्यांना तीन दिले होते ते सगळे लख्ख आठवत होते, कुठल्या गाण्यात माती खाल्ली तेसुद्धा.

त्या दिवसापासून सात बंद. साडेसहा आणि साडेसातसुद्धा बंद, नाहीतर मागच्या दाराने तेच यायचं. आता एकतर सहा नाहीतर आठ. लिहायला सोपं वाटतं पण करून बघा, घाम फुटतो.

कारण सात हा मार्क नाहीच, ती पळवाट आहे. सात दिले की बँड चिडत नाही, लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, रिव्ह्यूसाठीची पुढची कॉपी पाठवायचं थांबवत नाही, वाचणारा "ठीके, बघू कधीतरी" म्हणून पुढे जातो आणि मी पण सुटतो. सहा दिले की "का बरं, काय खटकलं?" हे सांगावं लागतं. आठ दिले तर "हा अल्बम वर्षभराने परत ऐकशील का?" या प्रश्नाला हो म्हणायची तयारी लागते. सातात दोन्हीतलं काहीच नाही. शंभरपैकी मार्क देणारे लोक आहेत, एन्सायक्लोपीडिया मेटॅलम या मेटलच्या वेबसाइटवर २००२ पासून टक्केवारीतच रिव्ह्यू चालतात, आणि तिथे ७३ टक्के आणि ७६ टक्के यातला फरक काय हे मला आजतागायत कोणी समजावून सांगू शकलेलं नाही. पण निदान त्यांना शून्य टक्के द्यायला लाज वाटत नाही, ते मला आवडतं.

आता हा सातांचा ढीग एक्स्ट्रीम मेटलमध्येच इतका का होतो, तर माझं मत असं की इथे चुकणं फार अवघड होऊन बसलंय. कारकसचा पहिला अल्बम 'रीक ऑफ प्युट्रिफॅक्शन' १९८८ चा, तो ऐकून बघा. ड्रम कुठेयत, गिटार कुठेय, सगळा चिखल नुसता, बँड स्वतः त्या आवाजावर खूश नव्हता आणि तरीही त्या चिखलात असं काहीतरी आहे जे नंतर लोकांनी ठरवून करायचा प्रयत्न केला. आज असा आवाज चुकून निघतच नाही. अँपचं सॉफ्टवेअर, ड्रमची सॅम्पल्स, एडिटिंग हे सगळं लॅपटॉपवर मिळतं, वाजवणारे लोक तर लहानपणापासून व्हिडिओ बघून बघून असले तयार झालेत की २४० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला २४० ठोक्यांच्या लयीतला, ब्लास्ट बीट (ड्रमचा मशीनगनसारखा सलग मारा) आता कोणाला मोठी गोष्ट वाटत नाही. म्हणजे जे आधी यायला लागायचं ते आता सगळ्यांना येतं. मग मी चुका शोधत बसलो तर चुका सापडणार नाहीत आणि हात आपोआप सातावर जाणार. त्यामुळे प्रश्नच बदलला मी. "काय चुकलं" नाही, "संपल्यावर काय उरलं".

प्रॉडक्शनचं तर सगळ्यात मोठं लफडं. नवीन ऐकणारा येतो आणि डार्कथ्रोनचा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' लावतो आणि म्हणतो अरे हे पत्र्याच्या डब्यात रेकॉर्ड केलंय का. बरोबर आहे त्याचं. १९९४ चा अल्बम, बँडमधल्या फेनरिझने सगळी वाद्यं एकट्याने चार ट्रॅकच्या मशीनवर वाजवून रेकॉर्ड केलेला, नॉक्टर्नो कुल्टोने वर आवाज चढवलेला. पण त्याआधीचा, १९९१ चा 'सोलसाइड जर्नी' ऐका, तोच बँड, स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत जाऊन केलेला व्यवस्थित डेथ मेटल अल्बम. म्हणजे चांगला आवाज कसा काढायचा आणि कुठे जाऊन काढायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी नको म्हटलं. त्यानंतरचा 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय' जेव्हा लेबलकडे गेला तेव्हा डेथ मेटलची वाट बघणाऱ्या लेबलला धक्काच बसला होता. तर अशा अल्बमला "प्रॉडक्शन: ३/१०" असं वेगळं खोकं करून मार्क देणारा रिव्ह्यू मी वाचला की मला कळतं याने अल्बम ऐकला नाही, तपासला. 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' मधली ती एकसुरी, न थांबणारी, थंडगार रिफ स्वच्छ आवाजात वाजली असती तर काय उरलं असतं? काही नाही, व्यायाम उरला असता.

पण याचा अर्थ असाही नाही की आवाज घाण म्हणजे अल्बम भारी. तीस वर्षांनंतर आज कोणी मुद्दाम तसाच सुंसुं आवाज काढतो तेव्हा तो नकार राहत नाही, फिल्टर होतो. फोटोला जुनाट रंग देतात ना तसं.

याच्या उलट टोकाला विटा आहेत. विटा म्हणजे, एडिटरमध्ये फाइल उघडली की वेव्हफॉर्म डोंगर-दऱ्यांसारखी दिसायला पाहिजे ती सरळ आयताकृती वीट दिसते. सगळं कॉम्प्रेस करून करून इतकं वर ढकललेलं की हळू भाग आणि जोरातला भाग यात फरकच नाही. मेटलमध्ये याची सगळ्यात गाजलेली भानगड मेटॅलिकाच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'ची, एक्स्ट्रीम नाहीये मान्य, पण लोकांनी व्हिडिओ गेममधली त्याच गाण्यांची व्हर्जन शोधून काढली आणि ती अल्बमपेक्षा मोकळी वाजते हे बघून ओरडा केला होता. डेथ मेटलमध्ये मात्र वीट हीच नॉर्मल गोष्ट झालीये आणि कोणी ओरडतही नाही. इथे माझा एक नियम आहे तो फुकटात सांगतो: दोन अल्बमची तुलना करायची तर आधी आवाज कानाने सारखा करून घ्या. जे जोरात वाजतं ते पहिल्या पाच मिनिटांत चांगलंच वाटतं, कानाची सवयच तशी. मी कित्येक रीमास्टरला, म्हणजे जुन्या अल्बमच्या नव्याने घासूनपुसून काढलेल्या आवृत्तीला, "पंच वाढलाय" म्हणून एक मार्क जास्त दिलाय आणि नंतर व्हॉल्यूम सारखा करून ऐकलं तर पंच बिंच काही नाही, नुसता आवाज वाढवून ठेवलेला. विटेची खरी ओळख तिसऱ्या-चौथ्या गाण्याला पटते, कान दमतात आणि आपण विनाकारण फोन हातात घेतो. तो फोन हातात घेतला ती वेळ मी लिहून ठेवतो आता. १४ मिनिटं, २२ मिनिटं. त्याचा मार्कांशी फार जवळचा संबंध निघालाय.

ड्रमवरून एक प्रसंग सांगतो, तो सांगायलाच हवा कारण त्यात मी तोंडावर आपटलो होतो. एका छोट्या बँडचा अल्बम आला होता, नाव नाही सांगत. रिव्ह्यूत मी लिहिलं, "ड्रम मशीनवर भागवलंय, त्यामुळे मधला भाग निर्जीव वाटतो." सात दिले आणि विसरून गेलो. आठवड्याने त्यांच्या ड्रमरचा मेसेज. शिव्या नाहीत, काही नाही. नुसता एक व्हिडिओ, मोबाईल जमिनीवर ठेवून काढलेला, त्यात दोन पाय. अनवाणी. आणि ते पाय त्याच अल्बममधलं दुसरं गाणं अख्खं वाजवतायत, डबल बेससकट (दोन्ही पायांनी वाजवायचा बास ड्रम), चार मिनिटं. शेवटी डाव्या पायाची पोटरी थरथरताना दिसते आणि व्हिडिओ संपतो. खाली एकच ओळ, "मशीनला पेटके येत नाहीत."

मी दहा मिनिटं नुसता बसून राहिलो.

झालं होतं असं की त्याने वाजवलं सगळं खरंच होतं, पण रेकॉर्डिंगला प्रत्येक ड्रमवर ट्रिगर लावले होते, म्हणजे पाय पडला की त्याच्या पायाचा आवाज न येता आधी साठवलेला एकच छापाचा ठोका वाजणार, हळू मारा की जोरात मारा. वरून मिक्सिंगमध्ये सगळे ठोके ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या तालाच्या रेघांवर, ओढून सरळ रेषेत बसवलेले. एवढं केल्यावर माणूस आणि मशीन यातला फरक माझ्याच काय कोणाच्याही कानाला कळणार नाही. आणि दुसऱ्या बाजूला मेशुगाचा २००५ चा 'कॅच थर्टीथ्री' बघा, टोमास हाकेसारखा ड्रमर बँडमध्ये असताना त्यांनी ड्रम प्रोग्राम केलेले आहेत, आणि तो अल्बम निर्जीव अजिबात वाटत नाही उलट अंगावर येतो. म्हणजे मी जे लिहिलं ते दोन्हीकडून चूक. मशीन नव्हतं, आणि मशीन असतं तरी निर्जीवपणाचं कारण ते नव्हतं. मी दुरुस्ती टाकली, माफी मागितली. तेव्हापासून जे ऐकू येतं ते लिहितो, कसं केलं असेल याचे अंदाज लिहीत नाही. "बास ड्रम टाइपरायटरसारखा वाजतो" हे मी लिहू शकतो, ते मी ऐकलंय. "ड्रमर नाही" हे मी कुठून ऐकलं?

व्होकल्सचंही तेच. घशातून काय काय निघू शकतं याबद्दल आपले अंदाज कायम चुकतात. फिनलंडच्या डेमिलिचचा 'नेस्पिथे', १९९३ चा, त्यातला आवाज इतका खोल आणि बुडबुड्यासारखा आहे की ऐकणारा पहिल्यांदा म्हणतो हा इफेक्ट आहे. अल्बमवर त्यांनी छापून टाकलं होतं की व्होकल्सवर कुठलाही इफेक्ट वापरलेला नाही. लोक काय म्हणणार हे आधीच माहीत असणार त्यांना! शब्द कळत नाहीत ही तक्रार मात्र मी कधीच मार्कांत धरत नाही. क्रिप्टॉप्सीच्या 'नन सो व्हाइल'वर लॉर्ड वर्म जे काही करतो त्यातला एक शब्द कळला तर शपथ, पण १९९६ पासून आजपर्यंत त्या अल्बमसारखं पिसाळलेलं मी फार थोडं ऐकलंय. व्होकल्समध्ये मी एकच बघतो, गाणं बदललं की माणूस बदलतो का. चाळीस मिनिटं एकाच पट्टीत एकाच जोरात गुरगुरणारा गायक म्हणजे सातांचा कारखाना.

लांबीवर फार बोलत नाही. नेपाल्म डेथच्या 'स्कम'वर अठ्ठावीस गाणी आणि त्यातलं एक १.३१६ सेकंदांचं. बेल विचच्या 'मिरर रीपर'वर एकच गाणं, त्र्याऐंशी मिनिटांचं. दोन्ही योग्य लांबीचे आहेत. स्लेयरचा 'रेन इन ब्लड' एकोणतीस मिनिटांत आटपतो, कॅसेटच्या एकाच बाजूवर अख्खा बसायचा, आणि एक मिनिट जास्त हवं होतं असं वाटत नाही. लांबीची तक्रार तेव्हाच, जेव्हा बँडलाच माहीत नसतं आपण का थांबत नाही आहोत.

आता माझ्या शीटमधली सगळ्यात लाजिरवाणी नोंद. गॉर्गट्स, 'ऑब्स्क्युरा', १९९८. पहिल्या वेळी दिलेले मार्क: चार. शेरा: "गिटार ट्यून करायला विसरले का?" हसू नका. क्वीबेकचा हा बँड, आधीचा 'द इरोजन ऑफ सॅनिटी' १९९३ चा मला प्रचंड आवडायचा, भक्कम टेक्निकल डेथ मेटल, आणि त्यानंतर पाच वर्षांनी हे. गिटार किंचाळते, दाताने तार ओढल्यासारखी घासते, ठेका धरावा तर तो पायाखालून सरकतो, आणि गायक ल्यूक लमे असा ओरडतो की कोणीतरी त्याला जिन्यावरून ढकलतंय आणि हे वाक्य पूर्ण करायचंच आहे. तासभराचा अल्बम. मी भांडी घासताना लावला होता, अर्ध्यात बंद केला आणि चार दिले. अर्ध्या अल्बमला पूर्ण मार्क. असा तो रिव्ह्यूकार मी.

दोन वर्षांनी परत लावला, एका मित्राने फार टोमणे मारले म्हणून. तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा पण नाही. चौथ्यांदा रात्री हेडफोन लावून अंधारात पडलो होतो, झोप येत नव्हती, आणि 'क्लाउडेड' लागलं. नऊ मिनिटांहून जास्तीचं, बाकीच्या मानाने एकदम संथ. गिटारची ती तीच घसटती आकृती परत परत येते, मी आदल्या तिन्ही वेळी तिला 'बेसूर' म्हणून कानाबाहेर ठेवलेलं, आणि त्या रात्री मला पहिल्यांदा जाणवलं की अरे ही दर वेळी अगदी तशीच बेसूर आहे. अगदी तस्सीच. तोच खरखराट त्याच जागी, तोच सूर तेवढाच खाली. म्हणजे यांना हेच वाजवायचंय. हे लिहिलेलं आहे, बसवलेलं आहे, सरावाने घोटलेलं आहे. एवढं कळल्यावर अंगावर काटा आला आणि मग मी सुरुवातीला जाऊन पहिलं गाणं परत लावलं तर जो ठेका सरकत होता तो सरकत नव्हता, माझीच मोजायची जागा चुकत होती. मी समेची वाट भलत्याच ठिकाणी बघत होतो. पहाटेपर्यंत दोनदा ऐकला. आता दहा आहेत त्याला, आणि चारचा शेरा मी खोडला नाहीये, शीटमध्ये शेजारी तसाच ठेवलाय.

पण यातून "चार वेळा ऐकलं की सगळंच आवडतं" असा नियम निघत नाही, मी करून बघितलंय. सातवाल्या ढिगातले बरेच अल्बम चार वेळा ऐकले, चौथ्या वेळी पहिल्यापेक्षा कमी ऐकू आलं. पहिल्याच वेळी सगळं दिलेलं असतं त्यांनी.

मॉर्बिड एंजलचा २०११ चा 'इलुड डिव्हिनम इन्सानुस' आठवतो? आठ वर्षं वाट बघायला लावून, जुना गायक डेव्हिड व्हिन्सेंट परत आलेला, आणि निघालं काय तर अर्ध्या अल्बमवर इंडस्ट्रियल, टेक्नोचे ठोके. 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस' करणारा बँड! चाहत्यांनी अक्षरशः धिंडवडे काढले. मी तीन दिलेत आणि तीन कायम आहेत, वाईटच आहे तो. पण त्या तीनबद्दल मी तासभर भांडू शकतो. त्यात बँडने काहीतरी पणाला लावलं आणि हरले. सातवाल्यांनी काहीच लावलेलं नसतं.

आणि ते एचएम-२ वाले. एन्टूम्ब्डचा 'लेफ्ट हँड पाथ', १९९०, सनलाइट स्टुडिओ, प्रोड्यूसर टोमास स्कॉग्सबर्ग, बॉस कंपनीचा एचएम-२ नावाचा गिटारचा आवाज फाडणारा पेडल आणि त्याची सगळी बटणं पूर्ण फिरवलेली. लाकूड कापायच्या करवतीसारखा तो आवाज. जबरदस्त, वाद नाही. बॉसने १९९१ मध्येच तो पेडल बंद केला होता, पण आता त्याच्या इतक्या नकला बाजारात आहेत आणि तो आवाज काढणारे इतके बँड आहेत की दर महिन्याला दोन-तीन तरी माझ्यापर्यंत येतात. प्रत्येकाची पहिली तीस सेकंद मला आवडतात, खोटं कशाला बोलू, त्या आवाजाला मी बळी पडतोच. आणि मग एकतिसाव्या सेकंदाला रिफ सुरू व्हायला पाहिजे ती होत नाही, नुसता आवाजच चालू राहतो. यांना मी पूर्वी डोळे मिटून सात द्यायचो, "परंपरेशी प्रामाणिक" वगैरे लिहून. आता माझी चाचणी अशी की डोक्यातल्या डोक्यात तीच रिफ साध्या, कोरड्या गिटारवर वाजवून बघायची. उभी राहिली तर आठ. 'लेफ्ट हँड पाथ' उभा राहतो. बहुतेकांचं पेडल काढलं की अंगावर कपडेच राहत नाहीत.

उलट अन्यायही करू नये. ॲट द गेट्सचा 'स्लॉटर ऑफ द सोल' १९९५ चा, त्याची पुढे अमेरिकेतल्या मेटलकोरवाल्यांनी इतकी कॉपी मारली की आज नवीन माणसाला मूळच कॉपी वाटतं. म्हणून काय त्याचे मार्क कापायचे? नातवंडं बेकार निघाली यात आजोबांचा काय दोष.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. मेहेमचा 'दे मिस्टेरिस दोम साथानास', १९९४. गिटारवर युरॉनिमस, बेसवर वार्ग विकर्नेस, आणि अल्बम बाहेर यायच्या आत, ऑगस्ट १९९३ मध्ये, बेसवाल्याने गिटारवाल्याचा खून केलेला. मेलेला आणि मारणारा एकाच रेकॉर्डवर शेजारी शेजारी वाजतायत. मी नऊ दिलेत. पण मार्कांच्या वरच्या ओळीत ही गोष्ट लिहितो, खाली तळटीप म्हणून नाही, आणि "संगीत वेगळं, माणूस वेगळा" असलं तोंड वर करून म्हणत नाही, कारण मला ते वेगळं ऐकू येत नाही, त्या बेसकडे कान जातोच. जे बँड उघड उघड वंशद्वेष गातात त्यांना मात्र आकडाच नाही माझ्याकडे. शीटमध्ये घेतच नाही. यावर वाद घालायला येणाऱ्यांनी येऊ नये.

शब्दांचं एक राहिलं. "चिरडून टाकणारा", "कानठळ्या", "नरकाचं दार", "आवाजाची भिंत" हे मी स्वतःला वापरू देत नाही आता. एकदा ब्रूटलला "पाशवी" लिहिलं होतं, स्वतःच वाचून फुटलो, वर्तमानपत्रातली गुन्ह्याची बातमी वाटत होती. आणि ब्लास्ट बीटला मराठी शब्द शोधायच्या भानगडीत पडू नका, ब्लास्ट बीटच म्हणा. ही बंदी घातल्यावर कळलं की माझ्या सातवाल्या रिव्ह्यूंमध्ये हे शब्द सोडले तर जवळजवळ काही नव्हतंच. आठ-नऊवाल्यांत कधी लागले नाहीत, तिथे सांगायला खरी गोष्ट असायची.

तर आता रोज रात्री एक सात काढतो आणि निकाल लावतो. बहुतेक खाली जातायत, सहा, काही पाच. वर गेलेले अगदी मोजके, त्यातला एक तर मी तेव्हा नुसता दुर्लक्षानेच ऐकला होता हे स्पष्ट आहे.

गेल्या शुक्रवारी त्या ड्रमरचा अल्बम आला रांगेत. सहा की आठ. तीन वेळा ऐकला. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन्ही वेळी मला डोळ्यांसमोर ते अनवाणी पायच दिसत होते, आठ लिहूनही टाकले होते, मग पुसले. तो मार्क अल्बमला नव्हता, माझ्या तेव्हाच्या फजितीला होता. तिसऱ्या वेळी चौथ्या गाण्यात एक जागा सापडली. ब्लास्ट संपतो, संथ भाग सुरू व्हायच्या जरा आधी डबल बेसचे शेवटचे दोन ठोके एक केसभर मागे पडतात. दमलेल्या पायासारखे. सगळ्या अल्बममध्ये तेवढेच दोन, ग्रिडवरून सुटलेले. मी ते सहा-सात वेळा मागे घेऊन ऐकले. अख्ख्या अल्बममध्ये मला आवडलेली सगळ्यात भारी गोष्ट तीच, आणि ती अर्ध्या सेकंदाचीही नाही.

सहा दिले. मेसेज करून त्याला सांगितलं, कारणासकट, चौथ्या गाण्यातल्या त्या जागेसकट. तासाभराने उत्तर आलं, "ते दोन ठोके मिक्सिंगवाल्याच्या नजरेतून सुटले होते. मला दिसले होते, पण मी त्याला बोललो नाही."

मग थोड्या वेळाने अजून एक, पुढच्या रेकॉर्डिंगला ट्रिगर काढायचे का यावरून बँडमध्ये भांडण चालू आहे म्हणे.